मुका ठोकळा

तर्जनीच्या टोकाला टाचणी टेकवून बाईंनी डोळे मिटले आणि हलकेच दाबली. काही नाही. आणखी थोडी दाबली. डोळे उघडून पाहिले तर रक्ताचा बारीक मणी वर आलेला. तो त्यांनी नळाखाली धरला. मधले बोट, अनामिका, दोन्ही हातांची सगळी तशीच. जणू जाड हातमोज्यावरून कुणी टोचत होते. राहता राहिली डावी करंगळी. तिला टाचणी लागली. लांबून कुणी हाक मारावी इतकीच, पण लागली.

"आहेस ना गं," बाई पुटपुटल्या आणि टाचणी पर्समध्ये टाकून कारखान्याच्या स्वच्छतागृहातून बाहेर आल्या.

कारखान्यात कॉम्प्युटरचे कीबोर्ड तयार होत. बाईंचे तिथले काम सांगायला सोपे, पण ऐकणाऱ्याला थट्टा वाटावी असे होते. नव्या कीबोर्डची बटणे दाबून पाहायची आणि गुण द्यायचे. बाईंचे यजमान लिफ्टमनची नोकरी करून निवृत्त झालेले. येईल त्याला ते सांगत, "आमच्या हिला बटणं दाबायचा पगार मिळतो. मी जन्मभर दाबली, मला कुणी कौतुकानं विचारलंसुद्धा नाही."

बाई हसत. पण बटण म्हणजे काय ते त्यांना विचारावे. कारखान्यात येण्यापूर्वी अकरा वर्षे त्यांनी टायपिंग केले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईची मनगटे अशी कामातून गेली की पुढे तिला स्वतःची वेणी घालता येईना. तेव्हापासून बाईंचे एकच म्हणणे होते. चांगले बटण बोटाशी बोलते. झालं, उमटलं अक्षर, आता सोड, असे ते बोटाला सांगते. जे सांगत नाही ते मुके. मुक्या बटणावर बोट उगाच आपटत राहते आणि त्याची किंमत मनगट मोजते.

रोज कामाला हात लावण्याआधी बाई दोन मिनिटे डोळे मिटून बसत. देवाकडे त्या काही मागत नसत. माझ्या हाताला खोटं बोलू देऊ नकोस, एवढेच म्हणत. गेले चार महिने मात्र ते वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन अर्ध्यातच थांबत होते.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या तळहातावर कापूस फिरवून विचारले होते, "कळतंय?" साखरेने नसा खाल्ल्या होत्या. "गेलं ते परत येईलच असं नाही. राहिलंय ते जपा," डॉक्टर म्हणाले. बाईंनी तो कागद चौघडी करून कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवला. यजमानांनाही सांगितले नाही. सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडायला लावली असती. आणि नेमका त्याच महिन्यात नवा पातळ नमुना आला होता.

तो बनवला होता पापुद्र्याने. पापुद्रा म्हणजे कारखान्यातला सगळ्यांत हुशार डिझायनर. कीबोर्ड समोर आला की "यातून अजून एक पापुद्रा निघेल" असे तो म्हणायचा, त्यावरून हे नाव पडले, आणि त्यालाही ते आवडले होते. त्याचा नवा कीबोर्ड खरोखरच दोन पुठ्ठे एकावर एक ठेवावेत इतका पातळ होता. जुने बटण दोन मिलिमीटर खाली जायचे, हे अर्धाच मिलिमीटर.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "अरे, हे मुकं आहे."

नंतरही दोनदा सांगितले. परीक्षक पाच जण. नियम असा की पाचांतल्या एकानेही दहापैकी चाराच्या खाली गुण दिले तर नमुना परत जायचा. बाईंमुळे तो दोनदा परत गेला होता. बाकीचे चौघे सात-आठ देऊन मोकळे होत, कारण मोठ्या साहेबांना तो हवा होता.

आणि टाचणीने टोचून घेताना बाईंना रोज एकच प्रश्न पडे. मुके कोण आहे? बटण, की मी? आधी काय गेले होते, बटणाचा आवाज की बोटांचे कान? तारखा आठवून आठवून त्या थकल्या होत्या. उत्तर निघत नव्हते.

आज शेवटची चाचणी होती. चाचणीच्या खोलीत टेबलावर काळे कापड, कापडाखाली सहा ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यावर एकच बटण. कापडाखाली हात घालून चाचपायचे आणि कागदावर गुण लिहायचे. सहांपैकी एक ठोकळा मुद्दाम नुसता घट्ट असे. त्यात बटणाखालचे रबर नसे, बटण वर उचलणारी कात्रीसारखी पट्टीही नसे, त्यामुळे ते जागचे हलतच नसे. त्याला मुका ठोकळा म्हणत. त्याला शून्य द्यायचे. ज्याने त्याला एक जरी गुण दिला त्याचा अख्खा कागद बाद. चौदा वर्षांपूर्वी कुणा साहेबाचा मेहुणा हात न लावताच गुण ठोकायचा, त्याला आवरण्यासाठी हा नियम आणला गेला. आणला बाईंनीच.

"बाई, आज हे घालायचं हं," पापुद्र्याने कान झाकणारी मोठी यंत्रे पुढे केली. "आवाजावरून गुण नकोत. नुसता स्पर्श."

बाईंनी ती हातात घेतली, पण घातली नाहीत. चार महिने त्या कानांनी तर भागवत होत्या. कान आणि करंगळी.

"केस विस्कटतील रे माझे," त्या म्हणाल्या.

"मग विंचरून देतो की. पण घाला."

कान झाकले गेले आणि जग कापसात गुंडाळले गेले. बाईंनी कापडाखाली हात घातले. तर्जनी पहिल्या ठोकळ्यावर ठेवली. ठेवली असावी. दाबली. काही कळले नाही. दुसरा. तिसरा. मग कुणाला दिसणार नाही अशा बेताने त्यांनी डावी करंगळी पुढे सरकवली. सकाळी ती बोलली होती. बाईंनी सगळा जीव तिच्यात गोळा केला आणि दाबले.

ती गप्प होती.

पुन्हा दाबले. जोराने दाबले तेव्हा कोपरापर्यंत दणका आला, पण बटण हलले की हातच हलला, कळेना. अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट. सहाही ठोकळे एकसारखे. समोर पापुद्रा घड्याळ पाहत होता. कडेला बसलेला दुसरा परीक्षक, ज्याला सगळे धोपट्या म्हणत, त्याचा कागद कधीच भरून झाला होता. बाईंच्या मानेवरून घाम ओघळला. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी देवाकडे मागितले. एक बोट दे. आजच्यापुरतं एकच दे. मग ने.

कापडाखाली काहीच घडले नाही.

बाईंनी पेन्सिल उचलली आणि लिहिले: पाच, तीन, सहा, शून्य, सात, चार.

बाकीचे चौघे परीक्षक कागद देऊन निघून गेले. बाई बसून राहिल्या. पापुद्र्याने त्यांचा कागद शेवटी हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग उठून दार लोटून आला.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "दोन नंबरला तीन दिलेत."

"मग?"

"दोन नंबर म्हणजे आपलंच. नवं. बरोबर ओळखलंत तुम्ही. फक्त एक घोटाळा झालाय. पाच नंबर मुका होता. त्याला सात दिलेत."

बाईंनी पदराने मान पुसली.

"दमला असाल. होतं असं. पेन्सिलच आहे, खोडतो. सातचं शून्य केलं की तुमचा कागद उभा राहतो, आणि आपलं बटण नापास."

"तुझं बटण," बाई म्हणाल्या. "तूच नापास करायला निघालास?"

पापुद्र्याने शर्टाची बाही वर केली. मनगटाला रुंद पट्टा आवळलेला होता. "महिनाभर मी ह्याच्यावरच टायपतोय. रात्री हे काढून झोपताही येत नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर होता. पण मी कुठल्या तोंडानं सांगू? साच्यांची ऑर्डर माझ्या सहीनं तयार आहे. तुमचं 'नाही' आलं की सुटतो मी. लाखो लोकांचे हात सुटतील, बाई."

त्याने खोडरबर पुढे केले. बाईंची नजर कापडाकडे गेली. त्यांनी कापड बाजूला करून चार नंबरचा ठोकळा उलटा केला. खाली त्यांचीच जुनी सही होती. अकरा वर्षांपूर्वी पास केलेले जुने बटण. कारखान्यात आजवर झालेले सगळ्यांत गोड बोलणारे बटण, असे त्याच सगळ्यांना सांगत. त्याला त्यांनी शून्य दिले होते.

"अरे," बाई म्हणाल्या, "मी काही ओळखलं नाही."

"म्हणजे?"

"मला काही लागलंच नाही. एकही नाही. आकडे मनाचे लिहिले. बोटं गेलीत माझी."

पापुद्रा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "बरं, आजचं सोडा. पण चार महिने सांगत होता ते? ते तर खरं होतं ना?"

"मला माहीत नाही."

"असं कसं, बाई?"

"तेच तर. तेव्हा बटण मुकं होतं की मी बहिरी होते, मला नाही सांगता येत. चार महिने हेच कोडं घेऊन उठतेय आणि झोपतेय." त्यांनी ठोकळा पुन्हा सरळ करून जागेवर ठेवला. "माझं 'नाही' आता कशाचंच नाही. तुझं मनगट खरं सांगतंय ना? मग तू लिही. तुझ्या हातानं, तुझ्या नावानं."

त्यांनी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. पापुद्र्याने पेन्सिल घेतली. कागदाकडे पाहत राहिला. बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली, "साहेब विचारतायत, झालं का?"

"आलो," पापुद्रा म्हणाला. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि बाही मनगटाच्या पट्ट्यावरून ओढून तिचे बटण लावले.

बाईंनी स्वतःचा कागद घेतला, त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, खाली 'बाद' लिहून सही केली आणि त्याच्या हातात दिला. बाद कागद मोजत नसत; पापुद्रा चारच कागद घेऊन गेला असता तरी चालले असते. तो पाचही घेऊन गेला. थोड्या वेळाने बोळाच्या टोकाच्या, मोठ्या साहेबांच्या खोलीतून नमुना पास झाल्याच्या टाळ्या ऐकू आल्या.

संध्याकाळी यजमान नेहमीसारखे फाटकाशी उभे होते. बाईंचा चेहरा पाहून त्यांनी काही विचारले नाही. दोघे बसथांब्याकडे चालू लागले. यजमान आपले बोलत होते. समोरच्या इमारतीतली लिफ्ट पुन्हा अडकली, आत एक जाडजूड वकील, आणि तो आतूनच नोटीस पाठवायच्या गोष्टी करतोय. बाई हूं हूं करत होत्या. दुकानांचे दिवे लागत होते. एका काचेमागे दहा-बारा मुली रांगेने बसून टायप करत होत्या.

बाई तिथे थांबल्या. पाहत राहिल्या.

"चल," यजमान म्हणाले. मग दोन पावलांनी, "काही झालंय का गं?"

"कुठे काय."

"मग अशी सोडून दिल्यासारखी का चालतेस?"

"कशी?"

"अगं, फाटकापासून हात धरलाय मी तुझा."

बाईंनी खाली पाहिले. त्यांच्या चारही बोटांभोवती यजमानांची मूठ घट्ट आवळलेली होती. किती घट्ट, ते मुठीच्या पांढऱ्या पडलेल्या पेरांवरून दिसत होते. बाई तशाच खाली पाहत राहिल्या. मग त्यांनी आपली बोटे त्या हातावर नजरेने मोजून, एकेक करून मिटली.