आखूड दोरी

दुपारी चारच्या सुमारास शेषेरावांची लाँच धक्क्याला टांगली गेली, तेव्हा केवळाबाई विहिरीवर पाय धूत होत्या.

खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव लहान होतं. एक दगडी धक्का, माडांत विखुरलेली घरं, मशीद आणि पोलिसांची चौकी. मे संपत आला होता. सकाळीच बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता आणि मच्छिमारांनी होड्या ओढून वर घेतल्या होत्या. अशा वाऱ्यात ऐन भरतीला लातूरकडचं एक म्हातारं जोडपं लाँच घेऊन आत शिरलं, तेव्हा अर्धं गाव धक्क्यावर बघायला आलं.

लाँच मूळची धरणावरची. बहात्तरच्या दुष्काळात त्या धरणाच्या कामावर केवळाबाईंनी डोक्यावरून माती वाहिली होती. धरण भरलं, सरकारी लाँच आली आणि शेषेराव तिचे ड्रायव्हर झाले. सुटीच्या दिवशी साहेबांच्या बायका यायच्या, शेषेराव त्यांना फिरवून आणायचे. केवळाबाईंनी एकदा विचारलं होतं, "मला बी बसवा की येकदा."

"सरकारी हाय ती. तुझ्या बापाची हाय का?" शेषेराव म्हणाले होते.

पुढे पाऊस सलग दोन वर्षं झाला नाही. धरणाचा तळ उघडा पडला आणि लाँच चिखलात बसली. त्याच सुमारास लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला. वाटणीत ही लाँच कुणालाच नको होती. शेषेराव निवृत्त झाले आणि लिलावात त्यांनीच ती घेतली. गाव हसलं. "शेषेराव, चालवणार कुठं? वावरात?"

हे त्यांना लागलं. त्यांनी लाँच उसाच्या ट्रकवर घातली आणि रत्नागिरीला आणून पाण्यात सोडली. मालवणपर्यंत काठाकाठानं जायचं, फोटो काढायचा आणि गावात दाखवायचा. "साहेबाच्या बायकोवानी बसवून नेतो तुला," ते केवळाबाईंना म्हणाले, आणि केवळाबाई नवं लुगडं नेसून बसल्या.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवसापासून दक्षिणेचा वारा सुटला. केवळाबाईंच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. कठड्याला धरून त्या ओकायच्या आणि शेषेराव सुकाणूवरून हसायचे.

"जल्मभर पाणी पाणी करून रडलीस. आता पाणी बघून रडून राहिलीस!"

"आवं, माघारी चला. लातूरची बस धरू. लाँच ऱ्हाऊ द्या हितंच."

"माघारी जाऊन गावाला काय सांगू? बायको ओकली मनून आलो?"

धक्क्याला लागल्यावर शेषेरावांनी पुढची आणि मागची दोरी गच्च आवळून बांधली. धरणावर ते असंच बांधत. वाऱ्यात दोरी सैल राहिली की लाँच दगडावर आपटते, हे त्यांना हाताच्या सवयीनं ठाऊक होतं. तिथं पाणी उतरायला महिने लागत. मग ते लाँचच्या खोलीत भाकरी खायला बसले.

धक्क्यावर इब्राहिम तांडेल उभा होता. चाळीस वर्षं गलबतं हाकलेला म्हातारा. तो केवळाबाईंना म्हणाला, "मावशी, दोर ढिला सोडायला सांग घरधन्याला. आज अमावास्या. पाणी पुरुषभर खाली जाईल. लाँच टांगून राहील."

"पानी जाईल? कुटं जाईल?"

"जिथनं आलं तिथं."

केवळाबाईंना हे खरं वाटलं. पाणी जातं, हे त्यांना कुणी पटवून द्यायला नको होतं. नवऱ्याला सांगून उपयोग नाही, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःच खाली बसून मागची गाठ सोडली आणि दोन हात दोरी जास्त दिली.

लाँच हलली तशी शेषेराव बाहेर आले.

"कुनी सोडली?"

"त्यो तांडेल मनला, पानी उतरतंय..."

"तू मला दोरी शिकवतीस?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले, की पांगलेली माणसं परत वळली. "धरनाची माती वाहिली तरी अक्कल मातीच राहिली तुझी! बघा हो, ही ओकणारी बाई मला लाँच शिकवून राहिली!"

कुणीतरी हसलं. तांडेल हसला नाही. "भाऊ, ती बरोबर सांगते," तो म्हणाला.

"तुमचं तुमी बघा." शेषेरावांनी दोरी ओढून आवळली आणि एकीवर एक दोन गाठी मारल्या. मग घागर धक्क्यावर ठेवली. "जा, गोडं पानी आन. तेवढा येळ तोंड तरी बंद ऱ्हाईल."

विहीर टेकाडावर होती. रांग नव्हती. कुणाचा नंबर नव्हता, भांडण नव्हतं. केवळाबाईंनी पोहरा सोडला तर तो लगेच भरून आला. त्यांनी घागर भरली. मग आणखी एक पोहरा काढला आणि नुसता पायांवर ओतला. वर्षभरात असं पाणी त्यांनी सांडलं नव्हतं. त्यांनी तोंड धुतलं, केस मोकळे करून धुतले. बसचा रस्ता तिथून दिसत होता. त्या बराच वेळ बसून राहिल्या.

खालून ओरडा आला.

त्या पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. तांडेलानं सांगितलं ते असं: पाणी उतरलं तशी लाँच दोऱ्यांवर टांगली आणि बाहेरच्या बाजूला कलंडली. शेषेराव आत झोपले होते. ते बाहेर आले आणि त्यांनी कोयत्यानं पुढची दोरी तोडली. लाँच मागच्या दोरीवर गरकन फिरली आणि तिच्यात पाणी शिरलं. ते पाण्यात पडले. पोहत होते, पण ओहोटी खाडीच्या तोंडाकडे ओढत होती. दोनदा डोकं दिसलं. बाहेर लाटा एवढ्या होत्या की होडी घालायला कुणी धजलं नाही.

"मावशी, घागर उतरव," तांडेल म्हणाला.

"सांडंल," केवळाबाई म्हणाल्या. धक्क्यावर सपाट जागा बघून त्यांनी ती ठेवली.

चौकीत जमादारानं विचारलं, "जिल्हा?"

आयुष्यभर त्या उस्मानाबाद म्हणत आल्या होत्या. दर वेळी शेषेराव खेकसायचे, लातूर म्हण, आता आपला जिल्हा लातूर.

"लातूर," त्या म्हणाल्या.

"तो तालुका झाला. जिल्हा सांगा."

"आता जिल्हाच हाय त्यो. ह्यांनी सांगितलंय. माझा ल्योक व्यंकट तिथंच कलेक्टर हापिसात शिपाई हाय. त्याला कळवा."

जमादारानं भिंतीवरचा जुना नकाशा पाहिला आणि बिनतारी संदेश उस्मानाबादला पाठवला.

रात्रीच्या भरतीला गावकऱ्यांनी लाँचमधलं पाणी उपसलं आणि ती धक्क्याला उभी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी उस्मानाबादहून उत्तर आलं: सदर इसम या जिल्ह्यातील नाही.

वारा तसाच होता. होडी बाहेर गेली नव्हती. शेषेरावांचा पत्ता नव्हता, व्यंकटला निरोप नव्हता. केवळाबाई धक्क्यावर भरल्या घागरीशेजारी बसल्या होत्या. पाणी उतरायला लागलं तशा त्या उठल्या, आणि त्यांनी लाँचची दोरी हातभर सैल सोडली.