वाळूचा वाटा

रोह्याच्या रस्त्यावर खैरकोंडचं वळण लागलं की डाव्या हाताला निळा फलक दिसतो: ‘जंगल सत्याग्रहाचे वीर’. खाली पाच नावं. फलक येण्याआधी तिथे नुसता काटक्यांचा ढीग असायचा. कातकरवाडीतल्या बाया रानातून मोळी घेऊन उतरल्या की प्रत्येकीने मोळीतली एक काटकी उपसून तिथे टाकायची, मगच पुढे जायचं. त्याला म्हणायचे वाळूचा वाटा. वाळू कातकरी सत्याग्रहाच्या दिवशी याच वळणावर पोलिसांच्या गोळीने पडला. लाकडापायी मेला, म्हणून लाकडात त्याचा वाटा. सरकारला नव्वद वर्षांनी जाग आली. बायांनी एक दिवस चुकवला नव्हता.

दिनानाथ मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं. फलकाचा मजकूर त्यांनीच लिहिला. पहिल्या कागदावर तिसरं नाव वाळूचंच होतं. मग सरपंच गणेश ओटीवर येऊन बसला.

“मास्तर, यात तुमच्या आज्याचं नाव नाय?”

“पाचच नावं बसतात रे.”

“मग वाळूचं काढा. त्याचा कागद हाय का कुठं? तुमच्या आज्याला ताम्रपट हाय. कागद नाय तर माणूस नाय.”

मास्तरांनी कागद पुढ्यात ओढला. त्यांच्या आजीने, गिरजाबाईने, मरताना फक्त त्यांना जवळ बोलावून सांगितलं होतं, की त्या दिवशी पोलिसांना रानातली आडवाट दाखवली ती आजोबांनीच, बाबाजींनी. पुढे वारं फिरलं, बाबाजींनी टोपी बदलली आणि ताम्रपट घरात आला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. चाळीस वर्षं पोरांकडून ‘नेहमी खरे बोलावे’ गिरवून घेणाऱ्या मास्तरांनी त्या दुपारी एक नाव खोडलं आणि वर दुसरं लिहिलं. लाज वाटली का? वाटली. चहा गार होईपर्यंत वाटली.

उद्घाटनाच्या दिवशी वाळूची नात कमळी आली. साठीला टेकलेली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. भाषणं संपायच्या आत तिने मास्तरांना गाठलं. “मास्तर, माज्या आज्याचं नाव कुठलं ओ?”

चार लोक बघत होते. तेव्हाही नाही म्हणता आलं असतं. मास्तरांनी बोट ठेवलं ते तिसऱ्या ओळीवर.

कमळीने त्या ओळीवरून पदर फिरवला, कपाळाचं कुंकू बोटाने काढून तिला लावलं आणि रडली. “आज्याला गावानं नाव दिलं,” म्हणत ती प्रत्येकाच्या पाया पडली. मास्तरांच्याही.

तीन वर्षं झाली. कमळी रोज तिसऱ्या ओळीला कुंकू लावते, खाली काटकी ठेवते. कुंकवाचा असा थर बसला की खालचं अक्षर दिसेना. मास्तरांना ते बरंच होतं. झाकली मूठ. सकाळी फिरायला गेले की तिथून भरभर चालायचे. गणेशला मात्र भारी मौज. “मास्तर, तुमचा आजा नशीबवान! वाडीची बाई पूजा करते!”

यंदा गणपतीला कमळीची नात संध्या आली. पनवेलला नर्सिंगला आहे. खापरपणज्याचं नाव तिला मोबाइलवर ठेवायचं होतं. सकाळी दोघी फलकाशी उभ्या होत्या आणि मास्तर नेमके वळणावर आले. मागे फिरावं तर दिसणार, पुढे जावं तर दिसणार. संध्याने फोटो स्वच्छ यावा म्हणून ओल्या रुमालाने कुंकू पुसलं.

“आजी, हे वाळू नाय. बाबाजी लक्ष्मण लिवलंय.”

“नीट वाच गो.”

“पाचांत वाळू कुठंच नाय, आजी.”

कमळी वळली. मास्तरांकडे बघत राहिली.

“बाबाजी म्हंजे तुमचा आजा ना?”

“व्हय.”

“वाट दावणारा.”

 जे आपल्या एकट्याच्या पोटात आहे म्हणून मास्तरांनी आयुष्यभर जपलं, ते सगळ्या वाडीला पाठ होतं. त्यांच्या अंगणात येऊन भात झोडणाऱ्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं, आणि एकीनेही कधी तोंडावर काढलं नव्हतं.

“तीन वर्सं मी त्याला कुकू लावलं,” कमळी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुमीच बोट ठेवलंव.”

“चुकलं, कमळे. मी दुसरा फलक लावून घेतो. माझ्या खर्चाने.”

“नको. तो बी तुमीच लिवाल.”

ती खाली बसली. फलकाखालच्या साऱ्या काटक्या एकेक करून गोळा केल्या, वेलीने मोळी बांधली. चुंबळ डोक्यावर ठेवली. मोळी डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. संध्या पुढे झाली तशी कमळीने तिला हाताने मागे सारलं.

“मास्तर, हात लावा.”

मास्तरांनी हात लावला. मोळी चढली.

“आज यावरच भात शिजवीन,” ती म्हणाली. “वाळूचा वाटा वाळूच्या घरी.” आजी-नात वाडीच्या वाटेला लागल्या. मागे वळून कुणी पाहिलं नाही.

मास्तर हात झटकत होते तोच गणेशची मोटारसायकल येऊन थांबली. पुसलेली तिसरी ओळ उन्हात लख्ख दिसत होती.

“काय मास्तर, सकाळी सकाळी आज्याचं दर्शन?”

“व्हय,” मास्तर म्हणाले.