टेबलाखालचा आरसा

मी आरसा बोलतोय. केस विंचरायला आला असाल तर खुशाल विंचरा, पण तेवढ्यात माझं थोडं ऐकून घ्या. समोर असेल ते दाखवावं, एवढंच आरशाचं काम. मला मात्र उभा जन्म एक मुलगी लपवायला जुंपलं.

ठाण्यात खोपटला एका काचवाल्यानं मला कापलं, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या नवरीच्या कपाटाला लागेन. विकत घेतलं बाबुरावानं. त्याचा जत्रेत तंबू होता. बाहेर पाटी, 'डोकं मुलीचं, अंग नागिणीचं'. आत टेबल, टेबलाला भोक, त्यातून त्याची भाची आवडा डोकं वर काढून बसायची. गळ्याभोवती कापडाचा साप. मला टेबलाखाली तिरकं बसवलं होतं. माझ्यात बाजूचा पडदा दिसायचा आणि लोकांना वाटायचं, खाली मोकळंच आहे.

माझ्यामागे नऊ वर्षांची आवडा संध्याकाळी पाचपासून अंग आखडून बसलेली असायची. तिचे गुडघे घासून घासून माझा पारा दोन ठिकाणी उडाला. कुणी विचारलं की ती पाठ केलेलं सांगायची, "आईचं ऐकलं नाही, म्हणून अशी झाले." आया लगेच आपापल्या पोरांकडे डोळे वटारून बघायच्या. खरं तर आवडाची आई ती तान्ही असतानाच गेली होती.

एका नवरात्रात कल्याणला किल्ल्याखाली जत्रा भरली. शाळेत शिकवणाऱ्या सुमतीबाई आपल्या आठ वर्षांच्या नीरजाला घेऊन आल्या. नीरजाच्या हातातली पिपाणी सुटली आणि दोरीखालून घरंगळत टेबलाच्या बाजूला आली. ती घ्यायला पोर वाकली, तर माझ्यात तिला स्वतःचाच लाल फ्रॉक दिसला. जवळ येऊन पाहते तो काय, दोन डागांतून दोन गुडघे.

वरून आवडा पुटपुटली, "सांगू नको ना. मामा मारतो."

नीरजा मागे गेली. "काय गं, काय होतं खाली?" सुमतीबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. मोकळंच आहे."

माझं खोटं त्या पोरीनं आपल्या तोंडानं सांगितलं. मला तिचा फार राग आला. ती ओरडली असती तर त्याच दिवशी आम्ही दोघं सुटलो असतो, असं मला किती वर्षं वाटत राहिलं.

आवडा आणखी तीन वर्षं बसली. मग मावेनाशी झाली, तेव्हा बाबुरावानं स्वतःची धाकटी मुलगी बसवली. आवडा वाकलेल्या पायांनी दाराशी उभी राहून तिकिटं फाडू लागली.

पुढे तंबू बंद पडला आणि मी शीळफाट्याला साईनाथच्या जुन्या सामानाच्या गोदामात आलो. बारा वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा होतो. गेल्या महिन्यात चाळिशी उलटलेली एक बाई नव्या घरासाठी आरसा शोधत आली. डाग बघून ती थबकली. ती नीरजा होती.

"डाग जातील, मॅडम. मागून नवा पारा मारून देतो," साईनाथ म्हणाला.

ती माझ्यामागे उकिडवी बसली. आपले गुडघे त्या डागांना लावून बघितले. जुळले नाहीत. डाग फार जवळजवळ होते, लहान मुलीचे.

"हा आणला कुठनं?"

"जत्रेच्या सामानाचा लॉट होता. तंबू, टेबलं, पाळणे."

"आणि त्यातली माणसं?"

"माणसं कुठली, मॅडम? आम्ही फक्त माल उचलतो."

मला सगळं ठाऊक होतं आणि एक अक्षर सांगता येत नव्हतं. "पारा नको, असाच द्या," म्हणून तिनं मला डोंबिवलीला नेलं.

रविवारी सुमतीबाई आल्या. "अगं, डाग पडलेला आरसा कशाला आणलास?"

नीरजानं एका डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आई, त्या जत्रेत मी खोटं बोललेले. टेबलाखाली मुलगी होती."

"ते काय, सगळ्यांनाच ठाऊक होतं," सुमतीबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "गंमतच होती ना ती."

आणि मी आयुष्यभर समजत होतो, आवडाला मी लपवलं.

असो, तुमचा भांग झाला. जाताना एवढं करा, माझ्यामागे एकदा वाकून बघा. तिथे आता नुसती भिंत आहे, तरी बघा. सवय असू द्या.