सात बापांची नावं

सोयरीक जुळवताना सासूबाईंनी किर्गिझ रीतीनं माझ्या सात पिढ्यांतल्या बापांची नावं वदवून घेतली. आईकडच्यांचं कोणी विचारलंच नाही.

आता माझ्या लेकाच्या, एर्मेकच्या गुडघ्यांवर निळे डाग दिसले, की त्या मलाच दटावतात, "मारतेस की काय गं पोराला?"

डॉक्टरांना संशय आहे रक्त न थांबण्याच्या आजाराचा. तो आईकडून येतो म्हणे. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

पोर चालू लागलं, म्हणून आज रीतीप्रमाणे त्याच्या पायांत दोरी बांधून ती सुरीनं कापायची होती. सुरी जवळ येताच माझ्या आईनं झडप घालून मध्ये हात घातला.

मी चमकले. "आई, मामा लहानपणी घोड्यावरून पडूनच गेला ना?"

आई पुटपुटली, "नुसता दात काढला होता गं त्याचा."