खालची खोली

"आधी संडास दाखवता का?" शामला म्हणाली.

घरमालक कुलपाला किल्ली लावता लावता थांबला. खोली बघायला येणारे लोक आधी पाण्याचं विचारत, मग मीटर वेगळं आहे का ते. वॉकरवर रेललेल्या त्या बाईकडे त्याने एकदा नीट पाहिलं आणि अंगणाच्या टोकाकडे बोट केलं. दोन उंच पायऱ्या, वर पत्र्याचं दार, आत उकिडवं बसायचं भांडं. शामला जिथे होती तिथेच उभी राहिली.

"कमोड आम्ही बसवून घेऊ न," तिचा धाकटा भाऊ चंदन म्हणाला. "पायऱ्याचंही पाहू काही."

"ते होईल," घरमालक म्हणाला. "यांचे मिस्टर काय करतात?"

"कन्हानले असतात. दुकान आहे," चंदन घाईने म्हणाला.

"आम्ही वेगळे झालो," शामला म्हणाली.

घरमालकाने किल्ली पुन्हा खिशात टाकली. "मिसेसला विचारून फोन करतो."

असे फोन येत नाहीत हे आता दोघांनाही माहीत होतं. परतीच्या ऑटोत मानेवाडा चौक आला तसा चंदन तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "काहून सांगते तू सगळ्यायले? मी बोलून राहिलो होतो न."

"त्यानं विचारलं, म्हणून सांगितलं."

चार वर्षांपूर्वी कन्हानच्या पुलाजवळ मोटरसायकल घसरली. वामनरावांचं खरचटण्यावर निभावलं. मागे बसलेल्या शामलाची कंबर आणि उजवा पाय कायमचा गेला. धंतोलीच्या दवाखान्यात ती होती तोवर वामनराव दुकान नोकरावर टाकून रोज डबा घेऊन यायचे. धान्याचं दुकान, एकटा कर्ता माणूस. पुढे मालिशीला आणि व्यायामाला नागपूर बरं पडेल म्हणून त्यांनी तिला पाचपावलीत चंदनकडे आणून ठेवलं. दिवाळीला नेतो म्हणाले. दिवाळी झाली, पुढची झाली. त्यांनी कधी हात उगारला नव्हता, दुसरी बाईही आणली नव्हती. ते नुसतेच यायचे थांबले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वकिलाकडे वाटून घ्यायचं असं काही निघालं नाही. फारकतीच्या सह्या झाल्यावर दोघांनी खालच्या टपरीवर चहा घेतला आणि आपापल्या रस्त्याने गेले.

चंदनचं घर दोन खोल्यांचं. बापाचा हातमाग होता त्या जागी आता शामलाचा पलंग होता. भावजय सुभद्रा कधी वाकडं बोलली नाही. पण भाची ऋतुजाला पाहायला पाहुणे येऊ लागले, तसा पलंग मागच्या खोलीत सरकू लागला, आणि पाहुण्यांतून वाट काढत संडासला जावं लागू नये म्हणून त्या दिवशी शामला सकाळपासून पाणी प्यायची नाही. हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. एका संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती चंदनला म्हणाली, "मले एक खोली पाहून दे."

दिव्यांगांची पेन्शन आणि साड्यांना फॉल-बिडिंग करून मिळेल ते, एवढ्यावर ती खोली मागत होती. पेन्शन म्हटलं की घरमालक खूश होत, सरकारी नोकरी कुठे होती म्हणून विचारत. निराधार योजनेची म्हटलं की त्यांना एकदम आठवायचं, की खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे.

वाठोड्याच्या लेआऊटमधली खोली अगदी अवचित कळली. चंदनच्या ओळखीच्या प्लंबरने सांगितलं. घरमालकीण तुळजाबाई, सत्तरीची, एकटी. खोली खालीच, दारात एकही पायरी नव्हती. खोलीला लागूनच बाथरूम, आत कमोड, भिंतीला धरायला पाइप बसवलेला.

"माह्या मालकाले लकवा झाला होता," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यायच्यासाठी केलं होतं हे सगळं. ते गेले, आता कोण वापरते?"

शामला आत गेली, पाइप धरून बसली, उठली. कोणाचा हात लागला नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून चंदनने मान फिरवली.

"कूलरले खिडकी आहे," तुळजाबाई सांगत होत्या. "भाड्याचं आपण समजून घेऊ. पण एक गोष्ट आहे, बाई. तुह्या आधी एक पोरगी होती इथं, नवऱ्याले सोडून आलेली. तो पिऊन येई अन् गेट ठोके. गल्लीतल्या बाया माह्याशी भांडल्या. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणते, अशी भाडेकरू आता ठेवूच नको. म्हणून म्हणते, तुहा मालक वारला असं सांगू. मंग कोणी काही विचारणार नाही."

"चालते न," चंदन म्हणाला. "त्यात काय आहे?"

शामला काहीच बोलली नाही. तुळजाबाईंनी ते होकारात धरलं आणि किल्ली चंदनच्या हातावर ठेवली.

घरी सुभद्रा पोळ्या लाटत ऐकत होती. "एक शब्दच तर बोलाचा आहे, ताई. अशी खोली पुन्हा भेटन का?"

"नाही भेटणार," शामला म्हणाली.

वामनराव मरावेत असं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. त्या पहिल्या दिवाळीला, आकाशकंदील खाली उतरवला तेव्हा आलं होतं. पण ते स्वतःशी, रागात. आता शांतपणे, भाडेकरू म्हणून, चारचौघींत त्यांना मारायचं होतं. कांद्याशिवाय घास उतरत नाही त्यांचा. या वेळी गल्ल्यावर डबा उघडून बसले असतील. आणि ते मेले असं एकदा म्हटलं, की त्यांनी आपणहून यायचं थांबवलं हेही कधी घडलंच नाही असं होणार होतं.

सामान हलवलं त्या सकाळी गल्लीतल्या शोभाताई पाण्याची बाटली घेऊन आल्या. खोलीत नजर फिरवून म्हणाल्या, "एकट्याच राहणार का?"

"बिचारीचा मालक गेला," तुळजाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

शोभाताईंनी चुकचुक केली. शामला वॉकरच्या मुठीकडे बघत राहिली. ते बोलून झालं, आणि काही कोसळलं नाही.

तेवढ्यात टेम्पो आला. शामलाच्या बापाने लग्नात दिलेली लोखंडी आलमारी कन्हानहून पाठवून द्या, असा निरोप चंदनने धाडला होता. ड्रायव्हरशेजारी वामनराव बसले होते. ते स्वतः येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. केस बरेच पांढरे झाले होते. उतरून त्यांनी आधी दोर सोडले आणि मग विचारलं, "कुठी ठेवाची?"

"हे कोण?" शोभाताईंनी विचारलं.

"पाहुणे आहेत आमचे," चंदन म्हणाला.

वामनरावांनी ते ऐकलं. हातात दोराचं वेटोळं घेऊन ते कामाला बोलावलेल्या हमालासारखे उभे होते. शामलाने त्यांच्याकडे पाहिलं.

"हे वामनराव," ती म्हणाली. "माहे मालक होते. आम्ही वेगळे झालो. ते गेले म्हणून काकूंनी सांगितलं, ते माह्यासाठी सांगितलं. चूक माही आहे. मी तवाच बोलाले पाह्यजे होतं."

शोभाताईंनी बाटली खाली ठेवली आणि काम आठवल्यासारख्या निघून गेल्या. तुळजाबाई आत गेल्या. चंदन कपाळाला हात लावून टेम्पोला टेकला.

शामला वॉकर टेकत तुळजाबाईंच्या दारापर्यंत गेली. "काकू, सामान परत भरू का?"

तुळजाबाई पलंगावर पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"मले खोटं पाडलंस वं चारचौघींत."

"हो."

"पिऊन येते का तो?"

"नाही. येतच नाही."

तुळजाबाईंनी मागे वळून पाहिलं, मग दाराबाहेर, आलमारी उतरवणाऱ्या त्या माणसाकडे पाहिलं.

"त्यायले सांग, खिडकीपुढे नको ठेवू म्हणा आलमारी. कूलरची हवा अडते," त्या म्हणाल्या. "पोराशी मी बोलते काय ते."

चंदनने आणि वामनरावांनी आलमारी भिंतीला लावली. एक पाय डुगडुगत होता. वामनरावांनी पुठ्ठा शोधून, चौपदरी घडी करून खाली सारला, दोनदा हलवून पाहिलं. मग दाराशी येऊन चपला घालता घालता हळूच म्हणाले, "मी गेलो म्हणून सांगितलं असतं, तरी चाललं असतं. मी काय म्हणणार होतो?"

"मले नसतं चाललं," शामला म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग टेम्पोत जाऊन बसले. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. चंदनही बाजारातून गॅसची नळी आणायला गेला.

शामलाने खुर्ची ओढून आलमारी उघडली. रिकामीच असेल असं तिला वाटलं होतं. तिच्या तिथे राहिलेल्या सगळ्या साड्या आत होत्या. वामनरावांच्या दुकानात रिकाम्या पोत्यांची घालतात तशी प्रत्येकीची आडवी, दाबून बसवलेली घडी. एकावर एक, थप्पी लावल्यासारख्या. तिने वरची साडी मांडीवर घेतली, उलगडली, काठाला काठ लावला आणि नव्याने घडी घालायला बसली.