कोलू हाकाऱ्याचा पिपा

मी एक जुना टिनाचा पिपा आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही हसलात तरी मला वाईट वाटणार नाही. मी भित्रा आहे. डब्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण माझा पत्रा पातळ आहे. साधी फांदी आपटली तरी माझं अंग थरथरतं आणि ती थरथर बराच वेळ माझ्या आत फिरत राहते.

पंधरा किलो गोडेतेल पोटात घेऊन मी चांद्याच्या बाजारात आलो. तेल संपलं, दुकानदाराने मला उन्हात पालथा घातला आणि बाजाराला आलेल्या कोलू नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. कोलू मोहर्लीकडच्या जंगलातल्या एका लहानशा गावचा. अंगाने बुटका, खांद्याने रुंद आणि बोलायला कंजूष. त्याने माझं वरचं झाकण कापून काढलं, दोन बाजूंना भोकं पाडून दोरी ओवली आणि मला गळ्यात अडकवलं. मला वाटलं, आता आपण सुखाने विहिरीचं पाणी भरणार. कुठलं काय! त्याने सागाचा एक दांडका उचलला आणि माझ्या कुशीत असा हाणला, की गोठ्यातली जनावरं दावी तोडायला लागली.

त्या काळी शिकारीला बंदी नव्हती. बाहेरगावचे शिकारी यायचे, झाडावरच्या मचाणात बंदूक घेऊन बसायचे. गावची चाळीस-पन्नास माणसं जंगलात रांग धरायची आणि ढोल, डबे बडवत, ओरडत वाघाला त्यांच्या दिशेने हाकलायची. याला हाका म्हणत आणि ती माणसं म्हणजे हाकारे. कोलू हाकारा होता. ‘कोलूचा पिपा दोन कोसावर आयकू येते’ असं लोक कौतुकाने म्हणायचे. ऐकून मलाही बरं वाटायचं, नाही असं नाही. पण विचार करा, बंदूक झाडावर, शिकारी झाडावर, आणि वाघाच्या मागून पायी चालणार आम्ही. प्रत्येक हाक्याला माझा जीव टांगणीला लागायचा. मी एवढा मोठ्याने ओरडायचो तो घाबरून, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आता मी तुम्हाला तो दिवस सांगतो. सांगावासा वाटत नाही, पण सांगतो.

कोलूच्या बायकोचं नाव सोमारी. तिचा भाऊ झाडू हा कोलूचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्या सकाळी दोघेही हाक्याला निघाले. एका नाल्यात वाळू होती. कोलू वाकला. मी त्याच्या छातीवर लोंबकळत होतो, म्हणून मलाही दिसलं. वाघिणीची मोठी पावलं होती आणि त्यांच्या शेजारून वाटीएवढी लहान पावलं गेली होती.

हाकाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पिल्लं बरोबर असली की वाघीण पुढे पळत नाही. पिल्लं मागे राहतात, म्हणून ती रांग फोडून उलटी येते. अशा वेळी हाका थांबवायचा असतो. कोलूने तोंड उघडलं. पण शिकाऱ्याचा माणूस ‘चला, चला’ करत होता, रांग लागली होती, आणि कोलू सगळ्यांत लहान होता. आपलं कोण ऐकणार, असं त्याला वाटलं असावं. त्याने तोंड मिटलं. त्याच्या काळजाची धडधड माझ्या पत्र्यावर आपटत होती.

मग आरडाओरड झाली, मी वाजलो, आणि वाघीण उलटी आली. झाडू आमच्यापासून दोन माणसं पलीकडे होता. कोलू मला बडवत, ओरडत त्याच्याकडे धावला आणि माझ्यावरच पडला. माझ्या डाव्या कुशीला जो पोचा आहे, तो तेव्हाचा. झाडू पुन्हा उठला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. जिथे वाघाने माणूस मारला, तिथे गाव एक दगड ठेवतं, आणि पुढे त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण एक दगड नाहीतर एक डहाळी त्यावर टाकून जातो. झाडूच्या जागेचा ढीग वर्षागणिक वाढत गेला. कोलू तिथून जाताना नेहमी दोन दगड टाकायचा. दोन कशाला, असं त्याला कुणी कधी विचारलं नाही.

पुढे शिकारीला बंदी आली. कोलू बांबू तोडायच्या कामाला लागला. मला आडवी लाकडी दांडी बसली आणि काही वर्षं मी खरंच पाणी भरलं. मग गंज चढला, तेव्हा मला गोठ्यात आडवा टाकून दिला. एक तांबडी कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. लोक याला अडगळीत पडणं म्हणतात. मित्रांनो, मी त्या दिवसांत फार सुखी होतो. कोंबडीला मी भीत नाही.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात फॉरेस्टचे एक साहेब माणसं घेऊन गावात आले. जंगलातले वाघ मोजायचे होते, आणि वाघाच्या पावलांचा माग काढणारा माणूस त्यांना हवा होता. गाव गप्प बसलं. कोलू उठून उभा राहिला. तोवर त्याच्या डोक्यावर निम्मे केस पांढरे झाले होते.

“वय काय?” साहेबांनी विचारलं.

“असन पंचेचाळीसक.”

“शाळा?”

“नाई गेलो.”

“मग येतं काय तुला?”

कोलूने साहेब जिथून चालत आले त्या धुळीकडे बोट दाखवलं. “साहेब, तुमची डावी टाच दुखून राह्यली. तुमी ते टेकवतच नाई.”

साहेबांनी खाली आपल्या बुटाकडे पाहिलं आणि ते हसले. सकाळपासून टाचेत काटा सलत होता म्हणे. कोलूला काम मिळालं.

घरी सोमारीने चुलीवरचं भांडं खाली आपटलं. “माया भाऊ नेला वाघानं. आता ह्या वयात तुमी त्याच्या मांगं जाऊन राह्यले?”

“तवा हाकलाचं होतं. आता मोजाचं हाये.”

“अन् मोजून राह्यले हे वाघाले कसं समजन?”

माझ्या मनातलंच बोलली ती. कोलूने ते भांडं उचलून पुन्हा चुलीवर ठेवलं. मग म्हणाला, “सोमारी, बांबू त कोणीबी तोडते. हे काम मले येते. मले येते हे मले मालूम हाये.” इतक्या ठामपणे तो बोलला, की मला त्याचा हेवा वाटला. भीती म्हणून कशी ती या माणसाला नाहीच, असं मला वाटलं.

आणि मग तो गोठ्यात आला. त्याने कोंबडीला हुसकलं, मला राखेने घासलं, नवी दोरी ओवली.

नवीन काम असं होतं. वाटेवर वाघाचं पाऊल सापडलं की त्यावर काच धरून त्याचा आकार उतरवून घ्यायचा. पाऊल अगदी स्वच्छ उमटलेलं असलं तर माझ्या पोटातली पांढरी प्लास्टरची पूड पाण्यात कालवून त्यात ओतायची. अर्ध्या तासाने पांढराफटक पंजा उचलून निघायचा, आणि तोही ठेवायचा माझ्यातच! वाघाचा पंजा पोटात घेऊन मी जंगलभर हिंडलो. कोलू वाकून सांगायचा, हा नर, ही मादी, ही म्हातारी झाली, हा काल पहाटे गेला. साहेब लिहून घ्यायचे. एवढी वर्षं कमी बोलणारा माणूस पावलांपाशी आला की बोलायला लागायचा.

आमच्याबरोबर रामाजी नावाचा फॉरेस्ट गार्ड असायचा. तो आरमोरीकडचा, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातशेतांत वाढलेला, या जंगलात नवीन. पाचोळा वाजला तरी त्याचा हात टोपीकडे जायचा. माझं त्याच्याशी मनोमन चांगलं जमलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा साहेब बरोबर नसताना आम्ही त्या नाल्याला आलो. झाडूच्या ढिगापाशी कोलूने दोन दगड ठेवले. वळणापलीकडे वाळू ओली होती. तिच्यात मोठी, ताजी पावलं होती. इतकी ताजी, की त्यांत अजून पाणी झिरपत होतं. रामाजी काच घेऊन खाली बसला. कोलू वाकला, आणि मलाही दिसलं. शेजारून वाटीएवढी लहान पावलं गेली होती.

तेवढ्यात समोरच्या जांभळीच्या जाळीतून आवाज आला. ती डरकाळी नव्हती. घशातल्या घशात, हळू गुरगुरणं होतं. माझी सगळी पूड आत थरथरली.

“कोलूभाऊ, पिपा वाजव!” रामाजीचा आवाज चिरकला. “वाजव न लवकर!”

कोलूचा हात वर गेला. जुनी सवय होती ती. मी अंग आवळून घेतलं. आता हा बडवणार, आता ती उलटी येणार, आता सगळं पुन्हा होणार. हात खाली आला. पण तो उघडा होता. कोलूने आपला पंजा माझ्या पोच्यावर सपाट दाबून धरला, मी जराही वाजू नये म्हणून.

“वाजवाचं नाई,” तो म्हणाला. हळू, पण अगदी स्पष्ट. “पिल्लं हायेत संगं. मी पाय पाह्यले. उठा रामाजीभाऊ. पाठ नोका दाखवू. मांगं मांगं या.”

काच वाळूतच राहिली. एकेक पाऊल मागे टाकत आम्ही निघालो. जाळी हलली आणि ती बाहेर आली. तिचे कान मागे चपटे झाले होते. तिने आमच्याकडे पाहिलं, आणि मी कोलूच्या छातीवर, सगळ्यांत पुढे! तिच्या मिशीचा केस न् केस मी मोजू शकलो असतो. मग तिच्या मागून एक पिल्लू डोकावलं. आम्ही आणखी चार पावलं मागे सरलो. आणखी चार. कोलूची टाच दगडांच्या ढिगाला लागली, तेव्हा ती वळली आणि पिल्लाला घेऊन जाळीत गेली.

रामाजी तिथेच खाली बसला. कोलूही बसला. मग कोलू ढिगाकडे बघत म्हणाला, “त्या दिवशीबी मले दिसले होते. पिल्लाचे पाय. मी बोललो नाई, रामाजीभाऊ. कोणाले बोललो नाई.”

त्याचा हात अजून माझ्यावरच होता. माझं अंग थरथरत होतं. नेहमीसारखी ही माझीच थरथर, असं मी समजत होतो. मग त्याने हात उचलला आणि मी एकदम शांत झालो. थरथरत होता तो हात. मित्रांनो, तेव्हा मला हाक्यातले ते सगळे दिवस आठवले, आणि त्यांतली किती भीती माझी होती आणि किती त्याची, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी अंगणात बसून त्याने सोमारीला सगळं सांगितलं. वीस वर्षं दाबून ठेवलेलं. वाघिणीसमोर उभा राहिलेला माणूस बायकोसमोर मान वर करत नव्हता. सोमारी उठून आत गेली. सकाळीही तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने मला उचललं, दोरी ओढून पाहिली, एका जागी ती झिजली होती तिथे नवी गाठ मारली आणि मला त्याच्या पुढ्यात ठेवलं.

“आता पाय दिसले की सांगत जा,” ती म्हणाली. “कोणीबी असू दे समोर.”

त्याला आता चार उन्हाळे झाले. कोलू अजून त्याच कामावर आहे. नवीन गार्ड आले की साहेब त्यांना आधी त्याच्याबरोबर पाठवतात. त्याच्याजवळ प्लास्टिकची बादली आली. माझं बूड गंजून गेलं आणि मी मोहर्लीच्या फॉरेस्ट ऑफिसच्या मागच्या पडवीत येऊन पडलो. रविवारी तुमच्यासारखी मुलं वाघ पाहायला येतात. पडवीत खेळतात आणि काठी घेऊन मला बडवतात.

बाळांनो, मला भंगारात टाका नाहीतर कुणा कोंबडीला द्या, माझी तक्रार नाही. फक्त बडवू नका. माझ्या डाव्या कुशीला एक पोचा आहे. त्यावर तळहात ठेवा आणि थोडा वेळ गप्प उभे राहा. कोलू अजून येता-जाता तसाच थांबतो.