वीतभर अंतर

आजोबांनी एकतीस वर्षं बस चालवली आणि एकाही प्रवाशाला ओरखडा येऊ दिला नाही. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत पेसमेकर बसला आणि त्यांच्या फोनचा कारभार जावयाने हाती घेतला. जावई कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. भिंतीवर पाट्या ठोकायच्या आणि त्या स्वतः कधी वाचायच्या नाहीत, एवढंच ते काम, असं आजोबांचं मत होतं.

"बाबा, फोन छातीतल्या मशीनपासून वीतभर लांब," तो उठता-बसता बजावायचा. जेवताना, पाहुण्यांसमोर, आजोबांच्या डाव्या खिशापासून टेबलावरच्या फोनपर्यंत बोटं ताणून वीत मोजायचा. डावखुरे आजोबा हातातला चमचा खाली ठेवून मोजणी संपायची वाट बघायचे. मुलीच्या संसारात कशाला बिब्बा घालायचा, म्हणून गप्प बसायचे.

आज मशीनची तपासणी होती. जावई गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर सहा वर्षांची नात होती, तिला वाटेत शाळेत सोडायचं होतं. निघण्याआधी त्याने आजोबांचा फोन काढून समोरच्या कप्प्यात टाकला.

"उगाच रिस्क नको," तो म्हणाला. मग स्वतःचा फोन मांडीवर ठेवला आणि हमरस्ता लागताच अंगठ्याने मेसेज लिहायला लागला.

"जावईबापू, रस्त्याकडे बघा."

"दोनच शब्द आहेत हो. मला सवय आहे."

सवय म्हणे. असल्या सवयीचे ड्रायव्हर आजोबांनी डेपोत पाहिले होते. फार दिवस पाहायला मिळाले नव्हते.

पुढचा टेम्पो थांबला. जावयाने मान वर केली तोवर टेम्पोची पाठ काचेला भिडायला आली होती. करकचून ब्रेक लागला. नातीचा डबा उडून आजोबांच्या पायाशी आला. ती रडली नाही, पट्टा मुठीत धरून नुसती बघत राहिली.

"गाढव कुठला," जावई टेम्पोवाल्याला म्हणाला, आणि गाडी पुन्हा पळवत फोनकडे हात नेला.

आजोबांनी त्याच्या आधी फोन उचलला, स्वतःच्या शर्टाच्या डाव्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.

जावई पांढराफटक पडला. "बाबा, काढा तो. मशीन बंद पडेल."

"गाडी थांबवा, मग काढतो."

त्याने सिग्नल दिला, आरसा बघितला, कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. इतकी नीट गाडी त्याने जन्मात कधी थांबवली नसेल.

"वेड लागलंय का तुम्हाला? मरायचंय का?"

आजोबांनी वरची दोन बटणं काढून कॉलर बाजूला केली. उजव्या खांद्याखाली बोटभर व्रण होता.

"मी डावखुरा, म्हणून डॉक्टरांनी उजवीकडे बसवलंय. खिशापासून तिथवर तुमची वीत आरामात भरते, मोजून बघा. तीन महिने मोजताय. बाजू कुठली, ते एकदाही विचारलं नाहीत."

जावयाची नजर व्रणावरून खिशाकडे गेली.

"मला माहीत होतं," मागून नात म्हणाली. "आजोबांनी मला दाखवलंय."

आजोबांनी खिशातला फोन काढून मागे तिच्या हातात दिला. तिने तो दप्तरात टाकला, चेन ओढली आणि दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

"पप्पा, आता चालव," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती."